तुम्ही विचारलंत म्हणून: ती माणसं हेलिकॉप्टरच्या बाहेर का बसतात?

हेलिकॉप्टरांवर लिहिते म्हटलं की कुणीतरी खिशातून फोन काढतं आणि चित्रफीत दाखवतं. बहुतेक वेळा ती एकाच जागेची असते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं टॅम्पा शहर, पाण्याकाठचं कन्व्हेन्शन सेंटर, कठड्याला रेललेली बघ्यांची गर्दी. तेवढ्यात इमारतींच्या आडून अंड्याच्या आकाराचं एक काळं, इवलंसं हेलिकॉप्टर निघतं. त्याच्या दोन्ही अंगांना फळ्या लावलेल्या, त्यांवर माणसं बसलेली. पाय खाली सोडलेले, मांडीवर बंदूक, डोक्यावर पंखा गरगरतोय. ते कुठेतरी क्षणभर टेकतं, माणसं उतरतात, आणि तुम्ही ‘अरे!’ म्हणेपर्यंत ते निघूनही गेलेलं असतं.

मग प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलतो. मुलं विचारतात, ‘ती माणसं पडत नाहीत?’ मोठी माणसं जरा हसून म्हणतात, ‘हा सगळा देखावाच ना?’ आणि थोडीफार माहिती असलेले विचारतात, ‘अमेरिकेकडे पैशाला तोटा नाही, मग साठच्या दशकातलं हे चिमुकलं यंत्र अजून कशाला उडवतात?’

एकेकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हे. मुलांचा प्रश्न शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. बाकी दोन्हींचं उत्तर एकच: ते हेलिकॉप्टर छोटं आहे, आणि ते छोटं आहे म्हणूनच ठेवलंय. बाहेर बसणं, पटकन निघून जाणं, इतकी वर्षं टिकून राहणं, हे सगळं त्या एका गोष्टीतून निघतं. त्याची जी किंमत मोजावी लागते, तीही त्यातूनच.

आधी ओळख करून देते. याला लिटल बर्ड म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या १६०व्या स्पेशल ऑपरेशन्स एव्हिएशन रेजिमेंटकडे ते असतं. ही रेजिमेंट केंटकी राज्यातल्या फोर्ट कॅम्पबेल इथली, ‘नाइट स्टॉकर्स’ नावाने ओळखली जाणारी. लिटल बर्ड दोन तऱ्हांचं असतं. एमएच-६ माणसं वाहून नेतं, त्याला बाहेर फळ्या असतात. एएच-६ मारा करतं, त्याला फळ्यांच्या जागी मिनीगन (अनेक नळ्यांची, भराभर गोळ्या झाडणारी मशीनगन), २.७५ इंची रॉकेटं आणि गरज असेल तर हेलफायर क्षेपणास्त्रं असतात. सांगाडा एकच. वैमानिक दोन.

आता आकार बघा. त्याच रेजिमेंटकडे ब्लॅक हॉक हे मोठं हेलिकॉप्टरही आहे. ब्लॅक हॉकच्या मुख्य पंख्याचा व्यास १६ मीटरांहून थोडा जास्त. लिटल बर्डचा साधारण ८.३ मीटर. व्यास निम्मा झाला की पंख्याखालची जागा पावपट होते. म्हणजे ज्या गच्चीवर, गल्लीत किंवा चौकात ब्लॅक हॉकला फक्त वर थांबून दोरावरून माणसं सोडावी लागतील, तिथे हे सरळ टेकू शकतं. दोरावरून उतरणारा माणूस उतरेपर्यंत कुणाच्याही निशाण्यावर असतो, आणि तोवर हेलिकॉप्टरही जागेवर खिळलेलं असतं. टेकून उतरायचं तर काम काही सेकंदांचं.

पण मग आत का बसत नाहीत? हे कागदावर कळत नाही, एकदा आत बसून बघावं लागतं. याच कुळातलं मुलकी हेलिकॉप्टर म्हणजे एमडी ५००. ते मी जवळून पाहिलंय, मागच्या सीटवर बसूनही पाहिलंय. पुढे दोघांना ऐसपैस जागा, समोर पायापर्यंत उतरलेली काच, दृश्य असं की जमीन आपल्या बुटांखालीच आहे. मागे मात्र वेगळाच कारभार. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये एक तिरकी भिंत आहे, कारण पंख्याचा आणि गिअरबॉक्सचा भार पेलणारा सांगाडा तिथूनच खाली येतो. दार लहान. आधी एक पाय घालायचा, मग मान वाकवायची, मग उरलेलं अंग ओढून घ्यायचं. बसल्यावर गुडघे वर येतात आणि डोकं छताला लागू बघतं. हे साध्या कपड्यांत. आता अंगावर चिलखती जाकीट, शिरस्त्राण, वायरलेस, दारूगोळा आणि बंदूक घेऊन तिथून बाहेर पडायची कल्पना करा. एकाचा पट्टा दाराच्या कडीत अडकला की मागचे सगळे खोळंबले.

फळीवर बसलेल्याला उठायचंसुद्धा नसतं. बूड टेकण्यापुरती जागा, कमरेला एक दोरी, तिचा हूक हेलिकॉप्टरला. हूक काढला की पाय जमिनीवर. एका बाजूला तिघं, दुसऱ्या बाजूला तिघं, आणि उतरायचं ते दोन्ही बाजूंनी एकदम. त्यालाही कारण आहे. सहा सशस्त्र माणसं म्हणजे सहज सहा-सातशे किलो वजन. सगळं हेलिकॉप्टर भरल्यावर जेमतेम २,१०० किलोंच्या आसपास, त्यात तिसरा हिस्सा फळ्यांवर. एका बाजूची तिघं आधी उतरली तर यंत्र दुसऱ्या बाजूला कलणारच. शिवाय उतरल्यावर कुठे जायचं याचे नियम कडक. मागे जायचं नाही, तिथे शेपटीचा पंखा फिरतोय. उताराची जमीन असेल तर चढाच्या बाजूला जायचं नाही, तिथे मुख्य पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. बाहेर बसलेल्याला अजून एक फायदा: उतरण्याआधीच त्याला जागा दिसलेली असते. दार उघडल्यावर डोळे किलकिले करत ‘आपण कुठे आलो’ असं बघावं लागत नाही. हवं तर फळीवरून गोळीबारही करता येतो.

तर बाहेर बसण्यात मर्दुमकी दाखवायचा भाग मला तरी फार दिसत नाही. तो जागेचा आणि सेकंदांचा हिशोब आहे.

यंत्र जुनं आहे हे मात्र खरं. १९६० मध्ये अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी एक हलकं, स्वस्त हेलिकॉप्टर हवं होतं. स्पर्धेत बेल, हिलर आणि ह्यूज या कंपन्या शेवटपर्यंत पोचल्या. ह्यूज म्हणजे विमानवेड्या हॉवर्ड ह्यूजचीच कंपनी. तिच्या नमुन्याचं पहिलं उड्डाण २७ फेब्रुवारी १९६३ ला झालं आणि १९६५ मध्ये कंत्राटही तिलाच मिळालं. बोली इतकी खाली लावली होती की प्रत्येक हेलिकॉप्टरमागे कंपनीचं नुकसान. पुढे दर वाढवला तेव्हा लष्कराने पुन्हा स्पर्धा घेतली आणि पुढचं काम बेलच्या कायोवाने पटकावलं. म्हणजे धंदा म्हणून हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार. पण यंत्र म्हणून ह्यूजचं ते हेलिकॉप्टर, ओएच-६, विलक्षण होतं. एप्रिल १९६६ मध्ये रॉबर्ट फेरी नावाच्या चाचणी वैमानिकाने ते कॅलिफोर्नियातून एकट्याने उचललं आणि कुठेही न उतरता थेट फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नेलं. ३,५६१ किलोमीटर, १५ तासांहून अधिक वेळ. एवढ्याशा हेलिकॉप्टरने अख्खा देश एका दमात ओलांडला.

मला स्वतःला त्याच्या आतल्या दोन गोष्टी फार आवडतात. पहिली म्हणजे पंख्याचा गाभा. फिरणारं पातं बाहेर निसटू बघतं, ती ओढ प्रचंड असते. त्या काळी बहुतेक हेलिकॉप्टरांत ही ओढ बेअरिंगांवर घेत, आणि बेअरिंगं म्हटली की वंगण, झीज, तपासण्या आल्याच. इथे समोरासमोरची पाती पोलादाच्या पातळ पट्ट्यांच्या गड्डीने एकमेकांना जोडली. एका पात्याची ओढ दुसऱ्याने पेलायची. पट्ट्या पातळ, म्हणून पातं हवं तसं वळतं आणि हलतं. सुटे भाग कमी, देखभाल कमी. दुसरी गोष्ट तो अंड्याचा आकार. हेलिकॉप्टर पडलं की शेपूट तुटते, पाती तुटतात, स्किड (चाकांऐवजी खाली असलेल्या आडव्या दांड्या) मोडतात, आणि या सगळ्या मोडतोडीत आपटण्याचा जोर खर्च होतो. मधला गोळा मात्र त्या तिरक्या भिंतीच्या आणि सांगाड्याच्या आधाराने बराचसा शाबूत राहतो. व्हिएतनाममध्ये हे हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांना घासत उडायचं. त्याने मुद्दाम खाली उडून शत्रूला गोळी झाडायला लावायचं, आणि वर घिरट्या घालणाऱ्या कोब्रा या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरने त्या जागेवर तुटून पडायचं, अशी ती जोडी. अर्थात ही हेलिकॉप्टरं तिथे शेकड्यांनी पडली. त्यांतून चालत बाहेर आलेले वैमानिकही मग खूप निघाले.

याच काळात सीआयएने दोन हेलिकॉप्टरं वेगळ्या कामासाठी घेतली. मुख्य पंख्याला चारऐवजी पाच पाती, शेपटीच्या पंख्यात दोनऐवजी चार, एक्झॉस्टला आवाज दाबणारी सोय. पाती वाढवली की तेवढंच वजन पेलायला पंखा सावकाश फिरवला तरी चालतो. पात्याच्या टोकाचा वेग कमी झाला की तो कर्कश फटफटाट खाली येतो. डिसेंबर १९७२ मध्ये असं एक हेलिकॉप्टर रात्री उत्तर व्हिएतनाममधल्या विन्ह शहराजवळ गेलं आणि टेलिफोनच्या तारेवर चोरून ऐकण्याचं यंत्र बसवून परत आलं. आजच्या लिटल बर्डला सहा पाती आहेत, ती याच विचारातून.

लिटल बर्ड मात्र जन्मलं ते एका फसलेल्या मोहिमेनंतर. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवायला निमित्झ या विमानवाहू नौकेवरून आठ मोठी हेलिकॉप्टरं निघाली. इराणच्या वाळवंटातल्या ठरलेल्या जागी कामाची अशी पाचच उरली. सहा तरी लागणार होती, म्हणून मोहीम रद्द झाली. परत निघताना एक हेलिकॉप्टर इंधनवाहू विमानावर आदळलं आणि आठ जण मेले. माणसांचं धैर्य कमी नव्हतं. एकत्र सराव नव्हता, वाळवंटावर रात्री इतकं खाली आणि इतकं लांब उडायची सवय नव्हती, आणि वेगवेगळ्या दलांतून गोळा केलेल्यांची मोट घाईघाईने बांधलेली होती.

दुसऱ्या प्रयत्नाची तयारी लगेच सुरू झाली. शहराच्या मधोमध, इमारतींच्या अंगणात उतरेल असं काहीतरी हवं होतं, आणि ते सी-१३० या मालवाहू विमानात घालून लांब नेता यायला हवं होतं. ओएच-६ तोवर मुख्य लष्करातून बाहेर पडून नॅशनल गार्डकडे गेलेलं होतं. तिथून ती गोळा केली. पाती दुमडून विमानात ढकलायची, उतरल्यावर पाती उघडून थोड्याच मिनिटांत उडवायची, हा उद्योग तेव्हापासूनचा. ओलीस जानेवारी १९८१ मध्ये सुटले, त्यामुळे दुसरी मोहीम झालीच नाही. पण जमवलेली माणसं आणि यंत्रं लष्कराने पुन्हा पांगू दिली नाहीत. ऑक्टोबर १९८१ मध्ये त्यांचं रीतसर पथक झालं, १९९० मध्ये रेजिमेंट.

सुरुवातीची वर्षं कठीण गेली. रात्री दिसावं म्हणून जे गॉगल होते ते पायदळासाठी बनवलेले, अख्खा चेहरा झाकणारे. त्यांतून ४० अंशांचा हिरवट, दाणेदार गोल दिसतो. खोलीचा अंदाज जवळजवळ येतच नाही. त्यातून समोरची यंत्रपाटी वाचायची तर नजर जवळ आणायची सोय नाही. वैमानिकांनी गॉगलचा खालचा भाग कापून टाकला, म्हणजे नजर खाली टाकली की उघड्या डोळ्यांनी काटे दिसावेत. आज हे ऐकायला गमतीचं वाटतं. तेव्हा सरावातच कितीतरी माणसं गेली, आणि त्यातूनच नव्या वैमानिकाला तयार करण्याची वेगळी शाळा या पथकाने उभी केली. बाहेरून येणारा वैमानिक कितीही मुरलेला असो, आधी त्या शाळेतून जायचं. मोहिमेचं नेतृत्व करायची पात्रता यायला पुढे वर्षं जातात. या लोकांची स्वतःला घालून घेतलेली अट प्रसिद्ध आहे: ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेच्या ३० सेकंद आत किंवा बाहेर, त्यापलीकडे नाही.

छोटेपणाचा उपयोग कसा झाला हे बघायचं तर सप्टेंबर १९८७ ची इराणच्या आखातातली रात्र बघा. तेलवाहू जहाजांच्या वाटेत कोणीतरी सुरुंग पेरत होतं. यूएसएस जॅरेट या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवरून लिटल बर्ड निघाली, दिवे बंद, पाण्यालगत. मोठं हेलिकॉप्टर अशा नौकेच्या छोट्या डेकवर एखादं मावतं, ही एकापेक्षा जास्त मावली. त्यांनी ‘इराण अज्र’ हे इराणी जहाज सुरुंग पाण्यात ढकलताना पाहिलं आणि मिनीगन आणि रॉकेटांनी ते थांबवलं. सकाळी जहाज ताब्यात घेतलं तेव्हा सुरुंग डेकवरच होते. पुरावा आयता हाती आला.

पनामाची गोष्ट मात्र मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण तिच्यात या यंत्राचं चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच उड्डाणात आहे. कर्ट म्यूज नावाचा अमेरिकी नागरिक पनामाचा हुकूमशहा नोरिएगा याच्याविरुद्ध गुप्त रेडिओ चालवायचा. त्याला पकडून मोडेलो तुरुंगात ठेवलं होतं, तेही पनामाच्या लष्करी मुख्यालयासमोर. २० डिसेंबर १९८९ च्या रात्री अमेरिकेने पनामावर हल्ला चढवला, त्याच सुमारास लिटल बर्ड थेट तुरुंगाच्या गच्चीवर उतरली. फळ्यांवरचे डेल्टा फोर्सचे कमांडो दार उडवून जिने उतरले, म्यूजला कोठडीतून काढून वर आणलं, हेलिकॉप्टरच्या आत कोंबलं आणि स्वतः फळ्यांवर बसले. इथवर सगळं प्रात्यक्षिकासारखं. पण भरलेलं हेलिकॉप्टर गच्चीवरून उचललं तसं ते खाली गेलं, गोळ्याही लागल्या. वैमानिकाने ते रस्त्यावर टेकवलं आणि चक्क रस्त्याने पुढे नेलं, दोन्ही बाजूंना इमारती, वर विजेच्या तारा. एका मोकळ्या जागेतून त्याने पुन्हा उड्डाण केलं. पुन्हा गोळ्या लागल्या आणि ते पडलं. कमांडोंपैकी काही जण जबर जखमी झाले, पण म्यूजसकट सगळे जिवंत राहिले. थोड्या वेळाने अमेरिकी चिलखती गाड्यांनी त्यांना उचललं. मोठं हेलिकॉप्टर त्या गच्चीवर उतरूच शकलं नसतं. आणि मोठ्या हेलिकॉप्टरकडे उड्डाणाला जी ताकद शिल्लक असते, ती याच्याकडे नव्हती. पनामातच एक एएच-६ पाडलं गेलं, त्यातले दोन्ही वैमानिक मेले. चिलखत नसणं म्हणजे काय, ते असं.

सोमालियाची राजधानी मोगादिशू इथल्या लढाईबद्दल बहुतेकांनी काही ना काही ऐकलेलं असतं, म्हणून एकच प्रसंग. ३ ऑक्टोबर १९९३ ला पहिलं ब्लॅक हॉक पडल्यावर सर्वांत आधी तिथे उतरलं ते लिटल बर्ड. कार्ल मायर आणि कीथ जोन्स हे दोन वैमानिक. जागा इतकी अरुंद की पंखा भिंतींपासून थोडक्यात वाचत होता. जोन्स उतरून जखमींना आणायला गेला. मायर एका हाताने हेलिकॉप्टर सांभाळत दुसऱ्या हाताने छोट्या बंदुकीने गल्लीत गोळ्या झाडत राहिला. दोन जखमींना घेऊन ते निघाले. त्यानंतर रात्रभर अडकलेल्या सैनिकांच्या डोक्यावरून एएच-६ फेऱ्या मारत होती, आपल्याच माणसांपासून हाकेच्या अंतरावर नेम धरून. अशा ठिकाणी वरून बॉम्ब टाकून चालत नाही.

आता देखाव्याचं. टॅम्पात हे प्रात्यक्षिक होतं, कारण अमेरिकेच्या विशेष दलांचं मुख्यालय तिथल्याच मॅकडिल हवाई तळावर आहे. मे महिन्यात तिथे या दलांचं मोठं संमेलन भरतं, कितीतरी देशांचे कमांडो येतात, आणि काही वर्षी पाण्याकाठी सगळ्यांसमोर ओलीस सोडवण्याचा खेळ होतो. ओलीस म्हणून शहराच्या महापौरांना धरायची तिथे पद्धतच पडली आहे. नौका, पाण्यात उड्या मारणारे, पॅराशूटवाले, धूर, कोऱ्या काडतुसांचा धडाका आणि लिटल बर्ड. हो, देखावाच आहे. मुलं टाळ्या वाजवतात, शस्त्रास्त्रांचे विक्रेते आत मंडप थाटून बसलेले असतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या खेळात जे दिसतं ते खरंच असतं: टेकणं, उतरणं, निघणं, सगळं तस्संच. पण अवघड ते दिसतच नाही. प्रात्यक्षिक भरदिवसा असतं, खरं काम अंधारात. प्रात्यक्षिकात वाऱ्याचा अंदाज, तारांच्या जागा, उतरण्याचा ठिपका, सगळं आधी चालून पाहिलेलं असतं. खऱ्या ठिकाणी तारा नकाशावर नसतात, आणि छोट्या हेलिकॉप्टरला शहरात सगळ्यात जास्त भीती तारांचीच. धुळीत टेकताना आपल्याच पंख्याने उडवलेला लोट समोर येतो आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत जमीन नाहीशी होते. काठावरून बघणाऱ्याला यातलं काय दिसणार? त्याला फळीवरची माणसं दिसतात, आणि सगळं कौतुक त्यांच्या वाट्याला जातं. ज्या दोघांनी ते दिलेल्या सेकंदाला तिथे आणलं, त्यांचे चेहरेही दिसत नाहीत.

म्हणूनच हा सराव खऱ्या शहरांत होतो, आणि तिथे भांडण उभं राहतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रात्री लिटल बर्ड चक्क विल्शर बुलेव्हार्डवर उतरली. लोक बाल्कन्यांतून चित्रण करत होते, कित्येकांना वाटलं शहरावर काहीतरी संकट आलंय. लष्कराने सांगितलं की स्थानिक यंत्रणांशी आधीच बोलणं झालं होतं. त्यांचं म्हणणं मला समजतं: लाकडी भिंतींच्या खोट्या गावात काचेच्या मनोऱ्यांमधला वारा मिळत नाही, रस्त्यावरच्या दिव्यांनी गॉगल कसे दिपतात तेही कळत नाही. पण मध्यरात्री खिडकीसमोरून बिनदिव्याचं हेलिकॉप्टर गेलेल्या माणसाची चीडही रास्त आहे. ‘यंत्रणांना माहीत होतं’ हे त्याच्यासाठी उत्तर नव्हे.

राहिला जुनेपणाचा प्रश्न. नाव तेच राहिलं तरी आत फारसं काही जुनं उरलेलं नाही. मूळ ओएच-६ चं नेहमीचं भरलेलं वजन साधारण २,४०० पौंड होतं, आजचं एमएच-६एम ४,७०० पौंडांपर्यंत जातं. इंजिन ३१७ अश्वशक्तीवरून ६५० वर आलं. पाती चारची सहा झाली, शेपटीची दोनची चार. काटेरी घड्याळांच्या जागी पडदे आले. इतकं सगळं त्याच अंड्यात बसवताना हेलिकॉप्टर जवळपास दुप्पट वजनदार झालं, आणि माझ्या मते आता ते आपल्या मर्यादेला टेकलंय. उष्ण हवेत आणि उंचावर हवा विरळ असते, तिथे सहा माणसं आणि पुरेसं इंधन दोन्ही एकदम उचलणं जड जातं. पल्ला तोकडा, म्हणून जवळ कुठेतरी विमानाने किंवा जहाजाने आणून सोडावं लागतं. चिलखत जवळपास नाहीच.

पर्याय शोधला नाही असं नाही. २०१८ मध्ये अमेरिकी लष्कराने टेहळणी आणि हल्ल्यासाठी नवं हेलिकॉप्टर बनवायचं ठरवलं, बेल आणि सिकॉर्स्की शर्यतीत होत्या. विशेष दलांचाही त्यावर डोळा होता. इमारतींमध्ये शिरता यावं म्हणून त्याच्या पंख्याला ४० फुटांची मर्यादा घातली होती. गंमत बघा, ही ‘लहान’ ठेवण्याची मर्यादा. लिटल बर्डचा पंखा २७ फुटांचा. म्हणजे नवा गडी आला असता तरी काही गच्च्या त्याला बंदच राहिल्या असत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये, सुमारे २ अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर, लष्कराने तो प्रकल्पच बंद केला. युक्रेनमधलं युद्ध बघून टेहळणीला माणूस पाठवण्यापेक्षा ड्रोन पाठवलेला बरा, असा तो निर्णय. टेहळणीपुरतं ते पटतं. पण गच्चीवर सहा माणसं ड्रोनने उतरत नाहीत, निदान आज तरी. त्यामुळे जुन्यालाच पुन्हा डागडुजी.

‘मग असं हेलिकॉप्टर दुसऱ्या कुणाकडे का नाही?’ असं कुणी विचारलं की मी उत्तर कोरियाचं सांगते. मुलकी ह्यूज ५०० (म्हणजेच आताचं एमडी ५००) जगभर विकलं जात होतं, दक्षिण कोरियात तर परवान्याने बनतही होतं. ऐंशीच्या दशकात उत्तर कोरियाने मधल्या कंपन्यांच्या आडून यांतली तब्बल ८७ हेलिकॉप्टरं पळवली. १९८५ मध्ये ते उघड झालं, तोवर माल पोचलेला होता. जुलै २०१३ मध्ये प्योंगयांगच्या संचलनात ती सगळ्या जगासमोर डोक्यावरून नेली. यंत्र मिळवता येतं. ते अंधारात, ३० सेकंदांच्या हिशोबात उडवणारी माणसं तयार करायला वर्षं जातात आणि जीवही जातात.

आणि आता मुलांचा प्रश्न: पडत का नाहीत? एक तर कमरेची दोरी आहेच, ती टेकण्याच्या अगदी तोंडावर सोडतात. ‘एक मिनिट’, ‘तीस सेकंद’ अशा हाका बोटांनी आणि ओरडून पुढे जातात, त्यावर कोण कधी हूक काढणार हे ठरलेलं असतं. पण दोरी नसती तरी वळणात माणूस घसरला नसता. हेलिकॉप्टर नीट वळतं तेव्हा ते वळणाच्या आत झुकतं, आणि वळणामुळे बाहेर फेकणारा जोर आणि आपलं वजन मिळून जी ओढ लागते ती थेट फळीच्या दिशेने असते. बसलेल्याला आपण बाजूला सरकतोय असं वाटत नाही, आपण जड झालोय असं वाटतं. ६० अंश झुकून सपाट वळण घेतलं तर वजन बरोबर दुप्पट भासतं. खाली जमीन कानाशी आलेली दिसत असते, पण बूड फळीला चिकटलेलं. त्रास होतो तो वाऱ्याचा, आणि हिवाळ्यात थंडीचा. बोटं इतकी बधिर होतात की उघडायला सगळ्यात कठीण जातो तो हूकच.